बारमाही रस्त्याचे चार महिने

पोंभुर्ण्यात उभं राहून पूर म्हणजे काय हे सांगण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. एका अंगाला अंधारी, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, मधे धानाच्या बांध्या आणि बोड्या. जुनगाव, गंगापूर, घाटकूळ इथल्या माणसाला पूर आमच्यापेक्षा जास्त कळतो. आम्ही तत्त्वज्ञान शिकवत आलो, शब्द तपासणं हा आमचा धंदा. तेव्हा एका शब्दापासूनच सुरुवात करू. तो शब्द आहे 'बारमाही'.

गावात पुढारी येतो आणि म्हणतो, तुमच्या गावाला बारमाही रस्ता देतो. हे वचन फार जुने नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना असे वचन कोणी दिले नव्हते आणि त्यांनी ते मागितलेही नव्हते. त्यांचे सगळे आयुष्य आठमाही होते. वंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन या जंगलातून जात ते पावसाळा सरल्यावर. फौजा निघत दसऱ्यानंतर, सीमोल्लंघन करून. साधू चातुर्मासात एका जागी राहत. लग्ने उन्हाळ्यात. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची जत्रा भरते ती महाशिवरात्रीला, नदीचं पाणी उतरलेलं असतं तेव्हा. आषाढात वाट बंद पडली अशी तक्रार कोणी करत नसे, कारण वाटेचा हंगाम संपला एवढाच त्याचा अर्थ होता. हे फार सुखाचं होतं असं मात्र कोणी समजू नये. आषाढात अडलेली बाळंतीण आठमाही जगातही मरतच होती. तिच्या मरणाला रस्ता जबाबदार आहे असे त्या काळी कोणाच्या मनात येत नव्हते, एवढेच.

1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा त्यांच्याकडे गेला. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. साहेबांचा दौराही थंडीतलाच असे, तंबू, घोडा, सामानाच्या गाड्या आणि वाटेतल्या गावांवर रसद व बेगारीचा बोजा. सडका झाल्या त्या मुरमाच्या. ओढ्याला उतार, नदीला डोंगा. बारमाहीची कल्पना त्यांच्या कागदात होती, पण ती लष्कराच्या आणि व्यापाराच्या मोठ्या सडकांपुरती.

मग 1896-97 चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ 1899-1900 चा. मध्य प्रांतात माणसे जगवण्यासाठी सरकारने जी कामे काढली, त्यात खडी फोडणे आणि सडका घालणे ही मोठी होती. पुढे 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. 1977 ला तो मंजूर झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्याच्यामागे वि. स. पागे यांची तळमळ होती. त्यातही रस्ते झाले, माती-मुरमाचे, हजारो हातांनी केलेले. आता बघा, या दोन्ही वेळी रस्ता हवा होता म्हणून मजूर लावले असे झाले नाही. मजुरांना काम द्यायचे होते म्हणून रस्ता निघाला. त्यात आम्हाला काहीही गैर दिसत नाही, माणसे जगली. पण जो रस्ता मजुरीसाठी जन्माला आला, त्याला पुढच्या पावसाळ्यात कोण राखणार हा प्रश्न त्याच्या जन्माच्या वेळी कोणी विचारलाच नाही. हमीच्या कामावरचा मातीचा भराव पहिल्या पावसात शेतात उतरायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा हमीचं काम निघायचं. लोक हसायचे. हसता हसता मजुरीलाही जायचे.

बारमाहीच्या वचनाला कागदावर आकार आला तो आपल्या नागपुरात. त्याआधी 1927 मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांची समिती बसली होती. हे तेच जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. त्यांनी सांगितले की रस्ते हे स्थानिक मंडळांच्या कुवतीबाहेरचे काम झाले आहे, देशाने त्यात पैसा घातला पाहिजे. पेट्रोलवर जादा कर बसला आणि 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. मग डिसेंबर 1943 मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, देशभरातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. शेतीच्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा दूर असू नये, असे त्यांनी लिहून ठेवले. आणि रस्त्यांची वर्णव्यवस्था ठरवली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे पुढे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, आणि सगळ्यात शेवटी ग्रामीण मार्ग. तुम्ही बांधकाम खात्याच्या कागदांत 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा' अशी अक्षरं वाचता ना, ती या नागपूरच्या बैठकीची लेकरं.

वर्ण म्हटला की मालकी आलीच. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. राज्य महामार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाचे. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा खालचे दोन प्रकार त्यांच्या पदरात पडले. या उतरंडीत कागद आणि जमीन यांचे अंतर किती पडते याचे उदाहरण सिरोंच्याला आहे. निजामाबादहून जगदलपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग गडचिरोलीच्या त्या टोकातून जातो. जुना क्रमांक 16, आता 63. देशाच्या नकाशावर ठळक रेघ. आणि अगदी परवापरवापर्यंत प्राणहिता आणि इंद्रावती या दोन नद्यांवर त्या रेघेला पूल नव्हता. रेघ नदीच्या काठाशी यायची, मग नाव लागायची. पूल झाले ते या गेल्या काही वर्षांत.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. रस्ता बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर असते. रस्ता राखणारा कोण होता? तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या मंडळींना 'मैलकुली' हा शब्द आठवेल. कोणी मैलमजूर म्हणत. शब्दात 'कुली' आहे, तो आज आपल्याला खटकतो, खटकायला हवा. पण माणूस काय करत होता ते बघा. त्याच्याकडे सडकेचा ठरावीक मैलांचा तुकडा असे. फावडं, कुदळ, घमेलं आणि धुम्मस एवढी त्याची आयुधं. रस्त्याच्या कडेला मुरमाचे आणि खडीचे मापाचे ढीग आधीच घालून ठेवलेले असत. मृग लागायच्या आत मोऱ्यांच्या तोंडातला पालापाचोळा आणि गाळ काढायचा, बाजूची गटारं मोकळी करायची, साइडपट्टी रस्त्याच्या बरोबरीने भरून तिला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. पहिला जोराचा पाऊस झाला की त्याने आपल्या तुकड्यावरून चालत जायचं आणि पाणी कुठे थांबतंय ते पाहायचं. वरकरणी किरकोळ कामे आहेत. पण अभियांत्रिकीचे पुस्तक उघडले तरी पहिल्या पानावर हेच सापडेल की रस्त्याचा शत्रू पाणी. डांबराला पडलेल्या बारीक फटीतून पाणी खाली गेलं की खालचा थर भिजतो, वर ट्रक गेला की तो दबतो, फटीचा खड्डा होतो. त्या दिवशी एक घमेलं मुरूम टाकलं असतं तर भागलं असतं. महिन्याने तिथे गाडी उलटते.

हा मैलकुली एकटा आपल्याच देशात होता असे नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लिमोज प्रांतात त्रेसाग्ये नावाचा अभियंता होता. तेव्हा तिकडे सडकेची डागडुजी वेठबिगारीने होई. वर्षातून ठरल्या दिवशी शेतकऱ्यांना हाकून आणायचं, माती-दगड टाकून घ्यायचे आणि सोडून द्यायचं. मधल्या महिन्यांत रस्ता वाऱ्यावर. त्रेसाग्येने सांगितले, असे चालणार नाही. रस्त्याचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला पगारी माणूस नेमा, त्याने रोज थोडे थोडे काम करावे. म्हणजे मैलकुलीच की! रस्ता बांधण्याच्या त्याच्या पद्धतीबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलं जातं, आम्हाला मात्र त्याचा हा दुसरा विचार अधिक मोठा वाटतो.

आपल्याकडे या माणसांना हक्कही मिळाले. 1967 च्या कालेलकर निवाड्याने पाच वर्षे सलग काम केलेल्या रोजंदारीच्या मजुरांना 'रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर' घेण्याची वाट केली. नियमित आणि अस्थायी एकाच वेळी! तर्कशास्त्राच्या तासाला विरोधाभासाचं उदाहरण म्हणून हे सांगावं असं आहे, पण त्या आस्थापनेने कित्येक घरांना पेन्शन दिली, तेव्हा हसणं पुरे. पुढे भरती थांबली. जो मैलकुली निवृत्त झाला त्याच्या जागी दुसरा आला नाही. काम ठेकेदाराकडे गेलं. 2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तिच्या करारात पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात घातली, ही चांगली सुधारणा होती हे मान्य केले पाहिजे. परंतु ठेकेदार वर्षातून कधीतरी यंत्र घेऊन येतो. पहिल्या पावसात तुकड्यावरून चालत जाणारा कोणी उरला नाही. आणि पूर आला की दोष दायित्वाचा कालावधी चालू असो नसो, तो म्हणतो, ही नैसर्गिक आपत्ती, हा माझ्या कामाचा दोष नव्हे. त्याचं म्हणणं नेहमीच खोटं असतं असंही नाही.

इथे आपल्याच मातीतली एक गोष्ट शेजारी ठेवू. चंद्रपूर शहरात तुकूम आहे. तुमच्या तालुक्यात जामतुकूम आहे. तुकूम म्हणजे काय? गोंड राजांच्या काळात जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे, त्या देणगीचे हे नाव. हिरशहाच्या नावाने ही रीत सांगितली जाते. तळ्याची पाळ फुटली तर आपले धान गेले, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते. म्हणून पाळ बघायला त्याला कोणाच्या आदेशाची गरज पडत नसे. कोहळी समाजाने याच भागात तळी बांधण्याची विद्या वाढवली. पुढे मालगुजारी आली, तळी मालगुजारांची झाली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण तळी सरकारजमा झाली आणि गाळ काढणे, पाळ सावरणे हे काम नेमके कोणाचे, ते हवेत राहिले. आजचे 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गाळाने भरले ते यामुळे. तळ्याला एकेकाळी राखणदार होता आणि तो गेला. ग्रामीण रस्त्याला तो जन्मापासूनच नव्हता.

तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाचा माणूस आणून बसवला आणि हा गाळ आणि मुरूम सांगतोय. थोडं न्यायशास्त्र सांगतो, मग आपण पुराकडे जाऊ. आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत अभाव हाही एक पदार्थ आहे. नसणे हेही जाणता येते, आणि त्याचे प्रकार आहेत. घडा अजून घडलाच नाही, हा प्रागभाव. घडा होता आणि फुटला, हा प्रध्वंसाभाव. सरकारच्या हिशोबाच्या वहीत हे दोन्ही अभाव ओळखले जातात. रस्ता नाही, करायचा आहे, त्याला लेखाशीर्ष 5054. भांडवली काम, भूमिपूजन, नारळ. रस्ता होता आणि पुराने नेला, त्याला 'पूरहानी'. दौरा, पंचनामा, निवेदन. पण रस्ता आहे, आणि रोज तीळ तीळ झिजतो आहे, याला काय म्हणणार? तो अजून फुटला नाही, म्हणून प्रध्वंस नाही. त्याच्यासाठी 3054, दुरुस्ती. कित्येक दशके हा खर्च 'योजनेतर' म्हणून नोंदला गेला. नुसत्या नावावरूनच तो दुय्यम. तंगी आली की पहिली कात्री योजनेतर खर्चाला. 2017-18 च्या अंदाजपत्रकात केंद्राने योजना आणि योजनेतर हा भेद मोडला. सवय मोडायला मात्र अंदाजपत्रक पुरत नाही.

आता पूर. वैनगंगेच्या खोऱ्यात दोन प्रकारचे पूर आपण अलीकडे पाहिले. ऑगस्ट 2020 च्या अखेरीचा पूर वरून आला. मध्य प्रदेशात धुवाधार पाऊस झाला, तिकडच्या संजय सरोवरातून पाणी सोडले, ते गोसीखुर्दला आले, तिथले 33 दरवाजे उघडले. वडसा, ब्रह्मपुरीपासून खालची काठावरची गावे पाण्यात गेली. ज्या गोसीखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये झाली आणि जिच्या पाण्याची वाट पाहत पिढी म्हातारी झाली, त्या धरणाचे पाणी असे दारात आले. जुलै 2022 चा पूर वेगळा. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक आले आणि पाणी इथेच पडले, वर्धा, इरई, वैनगंगा, प्राणहिता सगळ्याच फुगल्या. भामरागडला पर्लकोटा पुलावरून गेली आणि पलीकडची गावे तुटली. ती जवळजवळ दर पावसाळ्यात तुटतात. खाली भद्राचलमला गोदावरीने 71 फुटांची पातळी ओलांडली. 1986 च्या महापुरानंतरची ती सर्वात मोठी.

अशा पुरात रस्ता तुटतो तो कुठे? बहुतेकांना वाटतं पूल वाहून जातो. पुष्कळदा पुलाची फरशी जागच्या जागी असते, दोन्ही बाजूंचे पोचमार्ग गेलेले असतात. पाणी पुलाखाली मावेनासे झाले की ते बाजूच्या मातीच्या भरावावरून उडी मारते आणि उतरत्या अंगाने भराव पोखरत येते. पूल मग माळावर ठेवलेल्या पाटासारखा दिसतो. दुसरी गोष्ट धानाच्या मुलखाची. इथे रस्त्याचा भराव म्हणजे शेतांच्या मधून घातलेला बांधच. पूर्वी पाणी बांधीतून बांधीत उतरत जात असे. आपण रस्ता उंच केला, मोऱ्या मोजक्या ठेवल्या. वरच्या अंगाची शेतं तुंबतात. शेतकरी कुदळ घेऊन येतो आणि रस्ता फोडतो. तो गुन्हा आहे, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही फोडला असता. तिसरी गोष्ट वैनगंगेच्या दाबाची. मोठी नदी फुगली की अंधारी आणि नाल्यांचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं मागे सरतं, दिवस-दिवस उभं राहतं. या उभ्या पाण्याने काळी माती लोण्यासारखी होते. पाणी उतरतं, डांबर वरून शाबूत दिसतं, वाहतूक सुरू होते. भरलेला ट्रक गेला की रस्ता खचतो. नुकसान पुरानंतर आठवड्याने दिसतं, तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो.

त्यात वजनाचा भाग वेगळाच. सुरजागडचे लोहखनिज निघू लागल्यापासून आलापल्ली-आष्टी-चामोर्शी या महामार्गावर जड ट्रकांच्या रांगा लागल्या आणि रस्त्याची चाळण झाली, हे तिकडच्या कोणालाही विचारा. पुराने भिजलेल्या रस्त्यावर असे वजन पहिल्या आठवड्यात जाऊ द्यायचे की नाही, हे ठरवणारा अधिकारी कागदावर असतो. तो ठरवत नाही.

मग भरपाई. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2015 च्या निकषांत राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गाच्या तातडीच्या दुरुस्तीला किलोमीटरमागे 1 लाख रुपये धरले, ग्रामीण रस्त्याला 60 हजार. पाणी दोघांवरूनही तेवढंच गेलं. तेवढ्या पैशात वाहून गेलेला पोचमार्ग नीट दगड लावून भरता येतो का, हे इथल्या कोणत्याही मुकादमाला विचारून पाहा. कायमच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशी वाट आहे, आणि ती वाट मात्र खरोखर बारमाही आहे. ऑगस्टला तुटलेली मोरी या वाटेने निघाली की पुढचा जून तिला गाठतो. तोवर सिमेंटचे नळे टाकून वर मुरूम ओढलेला असतो. तो पहिल्या पुरात जातो आणि पुन्हा 'पूरहानी' म्हणून नोंदला जातो. दरवर्षी येणाऱ्या पाहुण्याला आपण दरवर्षी अनोळखी म्हणून वागवतो.

सरकारला हे ठाऊक नाही असं समजू नका. 1995 पासून नवसंजीवन योजनेत आदिवासी भागातल्या संपर्क तुटणाऱ्या गावांना पावसाळ्याआधी आगाऊ धान्य पोहोचवले जाते. गडचिरोलीत माहेरघरे आहेत. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच दवाखान्याच्या आवारात आणून ठेवायचे, म्हणजे नाल्याला पूर आला तरी तिची वाट अडणार नाही. या दोन्ही योजना शहाणपणाच्या आहेत, त्यांनी जीव वाचवले आहेत. पण त्यांचा अर्थ काय होतो? सरकारचे एक खाते सांगते, रस्ता बारमाही आहे. दुसरे खाते मुकाट्याने चातुर्मास पाळते. आम्हाला दुसरे खाते जास्त प्रामाणिक वाटते. पहिल्यानेही तेवढाच प्रामाणिकपणा दाखवून, कोणता रस्ता किती दिवस पाण्याखाली राहणार हे गावाला आधी सांगितलं, तर काही बिघडणार नाही. काही ठिकाणी उंच पूल हवाच. काही ठिकाणी असा रपटा परवडतो, ज्याच्यावरून पाणी जाऊ द्यायचं, पण ज्याचे काठ दगडाने असे बांधलेले असतील की पाणी उतरल्यावर तो जागेवर सापडेल. तीन तास अडकणं आणि तीन महिने अडकणं यांत पुष्कळ फरक आहे.

आणि राखणदार? तुमच्या शेजारी गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 मध्ये त्या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने जंगलाचे नियम स्वतः बसून केले, बांबू स्वतः विकला, मजुरी स्वतः वाटली. गडचिरोलीत मेंढा-लेखाने तीच वाट आधी चालून दाखवली होती. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात, गावच्या रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन द्यायची असेल तर ग्रामसभेची शिफारस लागते असे म्हटले आहे. म्हणजे जंगलातून रस्ता जावा की नाही, हे गावाला विचारायचं. गेल्यावर त्याची मोरी कोणी उपसायची, हे कोणी विचारत नाही. 3054 मधला एक वाटा, तुकड्यानुसार, ग्रामसभेच्या खात्यावर आला आणि तिने आपल्यातलेच दोन मजूर बारा महिने पगारावर नेमले, तर त्याला कोणता नियम आड येतो, हे आम्ही बांधकाम खात्यातल्या काही निवृत्त मित्रांना विचारलं. एकाने लेखापरीक्षणाचं कारण सांगितलं. दुसरा म्हणाला, दर मंजूर नाही. तिसरा बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, मृग जवळ आला आहे, मोऱ्या उपसायच्या असतील तर आत्ताच उपसायला पाहिजेत.